रविवारची शर्यत आणि कोळिणीची पाटी



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी कशावर तरी बोलणार, असे श्रोते धरूनच येतात. आम्ही मात्र आज धावण्याच्या शर्यतीवर बोलणार आहोत. विषय कळल्यावर आमच्या कचेरीतल्या मंडळींनाही नवल वाटले. “आपण मोर्चात चालणारी माणसे, धावण्याशी आपला काय संबंध?” असे एकाने विचारलेही. संबंध आहे, आणि तो कसा आहे हे सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

आरंभीच एक कबुली देऊन टाकतो. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. दिवसा कारखाना आणि रात्री रात्रशाळा, असे आमचे शिक्षण. पुढचे जे काही वाचन झाले ते मुलुंडच्या वाचनालयातल्या बाकावर. तेव्हा आमच्या बोलण्यात कोणी पांडित्य शोधू नये. आमच्या हातून एक चूक झाली, त्या चुकीचे कारण शोधता शोधता आम्ही इतिहासात शिरलो, एवढाच आमचा अधिकार.

ती चूक अशी. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जे छोटे-मोठे कारखाने अजून धडपडत उभे आहेत, त्यांतल्या तरुण कामगारांना गेल्या काही वर्षांत धावण्याचा नाद लागला. पहाटे उठून कोणी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जाई, कोणी मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी. चांगलाच नाद म्हणायचा. पण शहरातल्या मोठ्या शर्यतींची प्रवेश फी म्हणजे आमच्या पॅकिंग खात्यातल्या पोराची दोन-तीन दिवसांची मजुरी. तेव्हा आपणच आपली शर्यत भरवावी असे ठरले. जागाही सुंदर निवडली. मालाडहून पश्चिमेला समुद्राकडे गेले की एक कोळीगाव लागते. गावात शिरायला एकच रस्ता. एका अंगाला खाडी आणि तिवरांचे रान, दुसऱ्या अंगाला माड आणि बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, आणि रस्ता संपतो तिथे धक्का आणि उघडा समुद्र. पाच किलोमीटर जायचे, पाच किलोमीटर यायचे. धावणाऱ्याला आणखी काय हवे?

२०२० सालच्या जानेवारीतला एक रविवार मुक्रर केला. पोलिसांची परवानगी काढली, महापालिकेचा कागद मिळवला, रुग्णवाहिका ठेवली, पाण्याच्या बाटल्या आणल्या, छातीवर लावायचे नंबर छापून घेतले. संघटनेची माणसे कागदपत्रांत पक्की असतात, त्यामुळे सगळे चोख होते. सकाळी सहाला आमच्या स्वयंसेवकांनी दोर धरून रस्ता बंद केला आणि दोनशेच्या आसपास मंडळी धावू लागली.

अर्ध्या तासात गावाच्या तोंडाशी आरडाओरडा ऐकू आला. आम्ही धावत गेलो. दोराच्या पलीकडे दोन टेम्पो उभे होते, आणि त्यांत मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या कोळिणी. पहाटे होड्या लागल्या होत्या, धक्क्यावर लिलाव झाला होता, पाट्या भरल्या होत्या आणि बाजार गाठायचा होता. पाट्यांवरचा बर्फ वितळून पाणी टेम्पोतून रस्त्यावर ठिबकत होते. आम्ही हात जोडून म्हणालो, “मावशी, तासाभराचा प्रश्न आहे. सुट्टीचा दिवस आहे, पोरे धावताहेत.” त्यांच्यातली एक वयस्क बाई टेम्पोतूनच म्हणाली, “दादा, रविवार तुमचा सुट्टीचा. आमचा कमाईचा. माझी पाटी उतरली तर तिची किंमत तुझा नंबरवाला देनार काय?” आणि मग तिने असा प्रश्न विचारला की त्याला आमच्यापाशी परवानगीचा कागद होता, पण उत्तर नव्हते. “रस्ता कोनाचा?” तिने विचारले.

आम्ही दोर सोडला. टेम्पो गेले, पण उशिरा गेले. ज्या बाजारात सकाळी आठला सुरमईचा भाव ठरतो, तिथे साडेनवाला पोचलेल्या पाटीला कोण विचारतो? आयुष्यभर कामगारांच्या मजुरीसाठी भांडलेल्या आम्ही त्या दिवशी पंधरा-वीस बायकांची आठवड्याची सर्वांत मोठी मजुरी बुडवली. ती कुणा मालकाने बुडवली असती तर आम्ही दारात धरणे धरले असते. स्वतःच्या दारात धरणे कसे धरायचे, हे मात्र आम्हाला ठाऊक नव्हते.

त्यानंतर करोनाची साथ आली आणि शर्यतीचा विषय मागे पडला. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. घरात अडकून पडलेल्या दिवसांत आम्ही रस्त्यावरच्या शर्यतींचा इतिहास मिळेल तेथून वाचला. त्यातले चार-पाच प्रसंग तुमच्यासमोर ठेवतो.

पहिला प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे, निदान नावाने. मॅरेथॉन हे आज शर्यतीचे नाव झाले आहे, पण मुळात ते ग्रीस देशातल्या समुद्राकाठच्या एका लहान गावाचे नाव. १८९६ साली अथेन्सला अर्वाचीन ऑलिंपिक सामने प्रथम भरले, तेव्हा मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताच्या सूचनेवरून मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत सुमारे ४० किलोमीटरांची शर्यत ठेवण्यात आली. रस्त्याचा पहिला टप्पा किनाऱ्याच्या बाजूबाजूने, मग चढण, मग राजधानी. आज ज्याला जगभर मॅरेथॉन म्हणतात ती ४२.१९५ किलोमीटरांची लांबी प्रथम १९०८ साली लंडनला धावली गेली आणि १९२१ साली कायम ठरली. तेव्हा किनाऱ्यावरच्या गावातून रस्त्याने धावणे ही अलीकडच्या हौशी मंडळींची कल्पना नसून या शर्यतीचा जन्मच तसा आहे.

१० एप्रिल १८९६ रोजी सतरा जण धावले. परदेशातून आलेले धावपटू आरंभी पुढे होते. त्यांतले एकामागून एक थकले. जिंकला तो स्पिरिडॉन लुईस, मारूसी गावचा. अथेन्स शहराला पाणी पुरवणाऱ्या कुटुंबातला हा तरुण. गावाकडून शहराकडे पाणी वाहून नेणे हा त्याचा रोजचा धंदा. त्याला वेळ लागला २ तास ५८ मिनिटे ५० सेकंद. वाटेत पिकेर्मी गावी त्याने पेलाभर दारू घेतली आणि पुढचे किती दूर आहेत अशी चौकशी केली, असे सांगतात. म्हणजे पहिली मॅरेथॉन जिंकली ती पाणक्याने, आणि वाटेवरच्या गावाने त्याला घोटभर पाजले.

पण आम्हाला त्याहून अधिक महत्त्वाची वाटते ती दुसऱ्या दिवशीची हकिकत. स्टामाटा रेविथी नावाची एक गरीब बाई, कडेवर लहान मूल असलेली, या शर्यतीत धावण्यासाठी मॅरेथॉनला पोचली होती. बाई म्हणून तिला धावू दिले नाही. गावच्या म्हाताऱ्या पाद्र्यानेही धावपटूंसाठीची प्रार्थना तिच्यासाठी म्हणायचे नाकारले. तेव्हा दुसऱ्या दिवशी, ११ एप्रिलला, ती एकटीच निघाली आणि सुमारे साडेपाच तासांत अथेन्सला पोचली. निघण्यापूर्वी तिने एक शहाणपणाची गोष्ट केली. गावचा प्रमुख, न्यायाधिकारी आणि शाळामास्तर यांच्या सह्या घेऊन आपण किती वाजता निघालो याचा दाखला लिहून घेतला. स्पर्धेच्या व्यवस्थापकांनी तिला दार बंद केले. पण त्या गावातल्या तिघांनी तिला साक्ष दिली. ते दार आणि ती साक्ष या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात अशी आमची विनंती आहे.

आता दुसरा प्रसंग, आपल्या मुंबईतला. त्यात कोणी धावत नाही, तरीही तो शर्यतींच्या इतिहासात मोडतो असे आमचे म्हणणे आहे. सगळ्या शर्यती कोणत्या वारी होतात? रविवारी. का? तर त्या दिवशी सुट्टी असते म्हणून. पण ही सुट्टी काही आकाशातून पडली नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुट्टी ठरलेली नसे. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्या होत्या. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

म्हणजे आज रविवारी पहाटे जो कोणी बुटाच्या नाड्या बांधून घराबाहेर पडतो, तो लोखंड्यांच्या आणि त्या दोन अनाम भगिनींच्या कमाईवर धावतो. ही गोष्ट आम्ही आमच्या पोरांना पुष्कळदा अभिमानाने सांगत असू. पण टेम्पोतल्या त्या बाईने आम्हाला या गोष्टीची दुसरी बाजू दाखवली. गिरणी कामगाराला रविवार मिळाला तेव्हा त्याच्या घरी त्या दिवशी मासळी शिजू लागली. त्याची सुट्टी म्हणजे कोळिणीचा सर्वांत मोठा बाजार. तिला सुट्टी देणारा कोणी मालक नाही, म्हणून तिच्या सुट्टीसाठी कोणाकडे निवेदनही देता येत नाही. एका श्रमिकाची विश्रांती दुसऱ्या श्रमिकाच्या कामाच्या रस्त्यावर पसरली की काय होते, हे आम्हाला कुठल्या पुस्तकात सापडले नव्हते.

तिसरा प्रसंग पुण्याचा. डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. पहिले महायुद्ध संपल्यानंतर तेथे भरलेल्या सामन्यांत सर दोराबजी टाटा अध्यक्ष या नात्याने हजर होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले पुष्कळसे धावपटू खेड्यातले शेतकरी होते, अनवाणी धावणारे, कुठलीही शास्त्रशुद्ध तालीम न घेतलेले. त्यांच्या वेळा पाहून दोराबजी चकित झाले. युरोपातल्या चांगल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या त्या वेळा होत्या. हिंदुस्थानची ऑलिंपिक संघटना तेव्हा नव्हतीच. दोराबजींनी पुढाकार घेतला, स्वतः पैसा घातला आणि १९२० साली बेल्जममधल्या अँटवर्पच्या सामन्यांना हिंदी चमू गेला. त्यात आपल्या बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले होता. २२ ऑगस्ट १९२० रोजी तो मॅरेथॉन धावला. त्या वेळचा रस्ता ४२.७५ किलोमीटरांचा, म्हणजे आजच्या मापाहून लांब होता. चौगुले २ तास ५० मिनिटांच्या किंचित वर वेळ घेऊन एकोणिसावा आला.

एकोणिसावा म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. जेथे धावण्याचे बूट पाहिलेले लोक हाताच्या बोटांवर मोजावेत, तेथून निघालेल्या माणसाने जगाच्या बाजारात आपले पाय दाखवले. आणि हे पाय कोठे तयार झाले? शेताच्या बांधावर, बाजाराच्या वाटेवर. शंभर वर्षांनंतरही चित्र फारसे बदललेले नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवते. दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिली येते आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठून दहावी येते. शहर शर्यत भरवते आणि गाव धावणारा पुरवते, असा हा जुना करार आहे. मात्र या करारात गावाची सही कोणी घेतलेली दिसत नाही.

चौथ्या प्रसंगासाठी थोडे दूर, दक्षिण आफ्रिकेत जाऊ. डर्बन हे समुद्रकाठचे बंदर आणि पीटरमॅरिट्झबर्ग हे आतले गाव, या दोहोंत सुमारे ९० किलोमीटरांचे अंतर. याच पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनवर १८९३ साली गांधीजींना गाडीतून उतरवले होते. या रस्त्यावर १९२१ पासून ‘कॉम्रेड्स’ नावाची शर्यत चालू आहे. ती सुरू करणारा व्हिक क्लॅपहॅम हा रेल्वेचा इंजिन-ड्रायव्हर होता, म्हणजे आमच्याच जातकुळीचा. महायुद्धात मेलेल्या साथीदारांचे स्मारक दगडाचे नको, घामाचे हवे, अशी त्याची कल्पना. माजी सैनिकांच्या संघाने त्याला आधी नकार दिला. पण तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. अखेर परवानगी मिळाली आणि खर्चाला एक पौंड मिळाला, तोही परतफेडीच्या बोलीवर! २४ मे १९२१ रोजी चौतीस जण धावले आणि सोळा पोचले. पहिला आलेल्या बिल रोवनला ८ तास ५९ मिनिटे लागली.

एका ड्रायव्हरने एक पौंडात उभारलेली ही शर्यत पुढे जगप्रसिद्ध झाली. आम्ही हे वाचले तेव्हा छाती फुगली. पण पुढचे पान उलटल्यावर ती तितकीच खाली आली. या शर्यतीत काळ्या लोकांना, हिंदी लोकांना आणि स्त्रियांना अधिकृत प्रवेश नव्हता. १८६० पासून हिंदी मजूर ज्या प्रांताच्या उसाच्या मळ्यांत राबले, त्या प्रांताच्या रस्त्यावर त्यांच्या नातवंडांना छातीवर नंबर लावून धावता येत नव्हते. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हा काळा धावपटू नंबराशिवाय धावला आणि पोचला. त्याची नोंद अधिकृत नाही. दार उघडले ते १९७५ साली, म्हणजे चोपन्न वर्षांनी. श्रमिकाने सुरू केले म्हणून कार्य आपोआप न्यायाचे होते, असे मानणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे पान वहीत उतरवून ठेवावे.

आता परत आपल्या किनाऱ्यावर येऊ. १५ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबईची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन प्रथम धावली. बोरीबंदरपासून मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, वरळी असा समुद्राच्या सोबतीने जाणारा तिचा रस्ता. २००९ च्या जूनअखेर वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला आणि पुढे शर्यत त्यावरूनही धावू लागली. एरवी पायी माणसाला बंदी असलेल्या त्या पुलावर वर्षातून एका पहाटे माणसे पायांनी जातात, ही गोष्ट आम्हाला मनापासून आवडते. पुढे २०११ साली वसई-विरार महापालिकेने आपली मॅरेथॉन सुरू केली आणि शर्यत उपनगरांच्याही पलीकडे गेली. २०२४ च्या जानेवारीत रत्नागिरीला भाट्याच्या किनाऱ्याजवळ कोकणातली किनारी मॅरेथॉन भरली. म्हणजे शर्यत हळूहळू मोठ्या शहरातून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने लहान गावांकडे परत चालली आहे, जेथून ती मुळात निघाली होती.

पण आमच्या किनाऱ्यावरची गावे पाहुण्याकडे जरा संशयाने पाहतात, आणि त्याला कारणे आहेत. मनोरी, गोराई, उत्तन ही गावे ज्या धारावी बेटावर वसली आहेत, तेथे २००६ नंतरच्या काही वर्षांत पर्यटनाच्या विशेष क्षेत्राचा घाट घातला गेला होता. कोळी, शेतकरी, ख्रिस्ती, हिंदू सगळे एकत्र आले, कडाडून विरोध झाला आणि ती योजना बारगळली. ‘निसर्गसुंदर’ हा शब्द कानी पडला की तिकडचा म्हातारा आधी विचारतो, मोजणी कधी? वरळीच्या कोळ्यांची गोष्ट ताजी आहे. किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमध्ये त्यांच्या होड्या जाण्यासाठी साठ मीटरांचे अंतर ठेवले होते. लाटांत एवढ्या जागेतून होडी काढणे धोक्याचे, असे कोळी सांगत राहिले. काम अडले, वाद झाले, आणि शेवटी ते अंतर १२० मीटर करावे लागले. समुद्राचे माप कागदावर काढणाऱ्याला आणि होडीतून काढणाऱ्याला वेगवेगळे दिसते. आधी विचारले असते तर?

हा ‘आधी विचारले असते तर’ घेऊन आम्ही २०२२ च्या दिवाळीनंतर पुन्हा त्या गावात गेलो. या वेळी आधी पोलीस ठाण्यात गेलो नाही. मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत गेलो आणि म्हणालो, “मागे आमच्याकडून चूक झाली. शर्यत घ्यावी की न घ्यावी, हे तुम्ही सांगा.” बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका म्हाताऱ्या तांडेलाने विचारले, “रविवारच पायजे काय?”

तेथून गाडी रुळावर आली. रविवारी मासळीचा बाजार आणि गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांची मिस्सा. तेव्हा रविवार बाद. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी पुष्कळ हिंदू घरांत मासळी वर्ज्य, त्यामुळे बाजार मंद. यांतल्या एखाद्या वारी कामगारांना सुट्टी कधी येते? पंचांग काढले. २६ जानेवारी २०२३, गुरुवार. शिवाय वसंतपंचमी. तांडेलाने पंचमी ऐकताच बोटांवर हिशेब केला. भरतीची वेळ काढण्याची कोळ्यांची रीत अशी की तिथीची पाऊणपट करायची. पाच पाऊणे पावणेचार. “पावनेचारला भरती. होड्या तिच्यावर खाडीत येतील. लिलाव पाचला. टेम्पो सव्वासहाला भायेर. तुमी सातला पलवा.” कुठल्याही परवानगीच्या कागदावर आम्हाला इतके नेमके वेळापत्रक मिळाले नव्हते. रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकणारी भरती गावाचा दिवस ठरवते, घड्याळ नव्हे, हे आम्हाला त्या दिवशी उमगले. पहिल्या शर्यतीला आम्ही रस्ता मोजला होता, पण गावाचा दिवस मोजला नव्हता.

बाकीच्या अटीही गावानेच घातल्या. रस्ता पूर्ण बंद करायचा नाही. अर्धा धावणाऱ्यांना, अर्धा गावाला. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणायच्या नाहीत, कारण मागच्या वेळच्या बाटल्या ओहोटीनंतर चार दिवस तिवरांत अडकलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. हंडे आणि स्टीलचे पेले ठेवायचे. पाणी, मीठ-साखरेचे लिंबूपाणी आणि न्याहारी गावच्या बचतगटाच्या बायका करतील, आणि त्याची मजुरी रोख मिळेल. या शेवटच्या अटीवर आमच्यातलाच एक म्हणाला, गावाने एवढे श्रमदान करायला काय हरकत आहे? आम्ही त्याला म्हणालो, “गड्या, आपल्या शर्यतीसाठी दुसऱ्याने फुकट राबावे ही मागणी कुठल्या संघटनेच्या ठरावात बसते?” तो हसला आणि विषय मिटला.

रस्ता आम्ही सायकलने मोजला. तीही एक नामी रीत आहे. आधी पोलादी टेपने नेमके अंतर आखून घ्यायचे, त्यावरून सायकल चालवून चाकाचे फेरे मोजायचे आणि मग सगळा रस्ता त्या फेऱ्यांच्या हिशेबाने मापायचा. मोठमोठ्या शर्यतींचे रस्तेही सायकलच्या चाकानेच मोजले जातात. आमचा मोजणीदार एका कारखान्यातला टर्नर होता. कामाच्या तुकड्यातली केसाएवढी चूक पकडणाऱ्या माणसाला दहा किलोमीटरांत चार मीटरांचा फरक सहन होईना. त्याने तीनदा मोजले.

२६ जानेवारीला सकाळी सात वाजता शर्यत सुटली. या वेळी दीडशेच लोक होते. गुरुवारी सुट्टी नसलेले पुष्कळ जण येऊ शकले नाहीत. ही किंमत होती आणि ती आम्ही दिली. पण धावणाऱ्यांत गावची तीस-पस्तीस पोरेपोरी होती. मुलींत पहिली आलेली गावातलीच, अनवाणी. नऊ वाजता शाळेत झेंडावंदन झाले तेव्हा धावलेले आणि न धावलेले एका रांगेत उभे होते. बक्षीस म्हणून रोख रक्कम ठेवली नव्हती. प्रत्येकाला तांदळाची भाकरी आणि कालवण मिळाले. काही जणांनी गुरुवार म्हणून नुसती भाकरी आणि चटणी खाल्ली, त्यांच्यासाठी बायकांनी तीही वेगळी करून ठेवली होती.

मित्रहो, या सर्व इतिहासाचे सार आम्हाला एवढेच दिसते. रस्त्यावरची शर्यत ही मैदानावरच्या शर्यतीसारखी नव्हे. मैदान खेळासाठीच केलेले असते. रस्ता मात्र आधीच कुणाच्या तरी पोटाचा असतो. मॅरेथॉनच्या पाणक्याचा, नेटालच्या मळेकऱ्याचा, आमच्या गावच्या कोळिणीचा. शर्यत भरवणारा त्या रस्त्यावर पाहुणा आहे. पाहुण्याने वेळ विचारून यावे, यजमानाच्या चुलीकडे पाहून बसावे आणि निघताना जागा झाडून जावे. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसणाऱ्याची शर्यत एकदा होईल, दुसऱ्यांदा होणार नाही. आणि झालीच, तर ती कॉम्रेड्ससारखी चोपन्न वर्षे कुणाला तरी बाहेर ठेवून होईल. रविवार आमच्या पूर्वसुरींनी भांडून मिळवला, तो आम्ही सोडणार नाही. पण आमच्या सुट्टीचा भार दुसऱ्या कष्टकऱ्याच्या पाटीवर पडत नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी त्या विजयाबरोबरच आमच्याकडे आली आहे.

शेवटी त्या मावशींविषयी. शर्यत संपल्यावर आम्ही त्यांना शोधले. म्हटले, निदान आता तरी त्यांनी शर्यत पाहावी, मागचा राग सोडावा. सोसायटीतल्या माणसाने सांगितले, “त्या? त्या तर सव्वासहाच्या टेम्पोने गेल्या बाजारात.” गुरुवारी गिऱ्हाईक थोडे असते, पण असते. आमची शर्यत त्यांनी पाहिलीच नाही. त्या दिवशी मालाडच्या बाजारात त्यांची पाटी वेळेवर उतरली. आमच्या शर्यतीच्या अहवालात आम्ही पहिल्या आलेल्यांच्या वेळा लिहिल्या आहेत, आणि त्यांच्या वर, सर्वांत आधी, टेम्पो सुटल्याची वेळ लिहिली आहे.